ऊर्जासाठवण साधनांच्या स्वीकारातील अडथळे (कोकण किनारपट्टी)

विजेचा साठा करणारी बॅटरी, इन्व्हर्टर व त्यांना जोडलेली सौरयंत्रणा घेताना घरगुती ग्राहकाला येणाऱ्या आर्थिक, तांत्रिक आणि सामाजिक अडचणींचा विचार या नोंदीत रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरता केला आहे.

किनारपट्टीवर लाईट जाते ती दोन प्रकारे. पावसाळ्यात तारांवर फांदी पडून काही तास जाते, आणि वादळात खांबच आडवे झाले की अनेक दिवस येत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांनी हा दुसरा प्रकार अनुभवला. नेहमीची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट वीज साठवते. दोन पंखे आणि चार दिवे त्यावर साधारण चार ते सहा तास चालतात, पुढे ती भारित करायला वीजच नसते. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना घेत असलेला प्रवाह तर लहान इन्व्हर्टरला झेपतच नाही. आणि वादळानंतर घराला सर्वांत आधी पाणीच हवे असते.

छपरावर सौरपॅनेल असूनही अंधारात बसावे लागणे हा ग्राहकाला सर्वाधिक चक्रावणारा प्रकार होय. बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होते, कारण तसे न झाल्यास पॅनेलची वीज तारांत उतरून त्यांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो. ही गोष्ट विक्रेत्याने आधी सांगितलेली नसेल, तर गावात एकूणच सौरयंत्रणेवरचा विश्वास उडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र ते पॅनेलच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीचा भार ग्राहकावरच राहतो. त्यातच नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा करणाऱ्या मोजणीमुळे, जादा युनिट बिलात वळते होत असल्याने, एरवी बॅटरी घेण्याचे आर्थिक कारणही उरत नाही.

घराची मालकी हा इथला खास अडथळा आहे. वीजजोडणी आजोबांच्या नावावर, घर सामाईक आणि वाटेकरी मुंबईत, अशा स्थितीत अर्ज कोणी करायचा व पैसे कोणी घालायचे, यावरच घोडे अडते. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असणाऱ्या घरात शिसे-आम्ल बॅटरी न वापरता पडून राहते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर साचतो आणि ऐन सणात ती दगा देते. खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात. ते पुसून व्हॅसलिन लावायला आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायला घरात माणूस लागतो.

लिथियम बॅटरीला ही निगा लागत नाही आणि ती टिकतेही अधिक. तरीही चढ्या किमतीमुळे, आणि बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करणारा सहसा मिळत नसल्यामुळे ग्राहक कचरतो. शिवाय जुन्या शिसे-आम्ल बॅटरीला दुकानदार नव्या खरेदीत वळती किंमत देतो, तशी मोडीची किंमत लिथियमला सहसा मिळत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.