फाइल कंपनीची, किल्ली परक्याची : होमब्रू डाउनलोडरांची पार्श्वभूमी

हातात धरून खेळायच्या कन्सोलवर चालणारे, पण कंपनीने न बनवलेले आणि तिची मंजुरी नसलेले सॉफ्टवेअर म्हणजे होमब्रू. त्यात हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले छोटे गेम असतात, जुन्या यंत्रांची नक्कल करून त्यांचे गेम चालवणारे एम्युलेटर असतात, फाइल हाताळण्याची साधने असतात आणि गेम थेट यंत्रावर उतरवून घेणारी डाउनलोडर-ॲपही असतात. यांपैकी काही डाउनलोडर केवळ होमब्रूच उतरवतात. प्लेस्टेशन व्हिटासाठीचे व्हिटाडीबी किंवा निन्टेन्डो स्विचसाठीचे होमब्रू ॲप स्टोअर ही त्यांतली परिचित नावे. वाद आहे तो विक्रीचे गेम पैसे न देता उतरवणाऱ्या ॲपांचा. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या ॲपांजवळ गेमची एकही प्रत नव्हती. फाइल येत होती ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, आणि पायरसीच्या कायद्याला हे प्रकरण अवघड गेले ते नेमके याच कारणाने.

सुरुवात मात्र साध्या कुलुपापासून झाली. १९८९ च्या गेम बॉयमध्ये यंत्र सुरू होताना कार्ट्रिजमधील निन्टेन्डोचे बोधचिन्ह तपासले जाई. ते जुळले नाही तर गेम सुरूच होत नसे. परवानगीवाचून कार्ट्रिज बनवणाऱ्याला ते चिन्ह नकलावेच लागावे, म्हणजे त्याच्यावर ट्रेडमार्कचा दावा लावता येईल, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे कुलपे गणिती झाली आणि प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे की नाही हे यंत्र पाहू लागले. डिसेंबर २००४ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलच्या पहिल्या, १.०० या फर्मवेअरमध्ये (यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मात्र स्वाक्षरी नसलेला प्रोग्रामही चालत असे. २००५ मध्ये हे उघड झाले आणि होमब्रूची लाट आली. सोनीने फर्मवेअर बदलले की हौशी मंडळी नवी फट शोधत, आणि सोनी ती बुजवत असे. २००७ मध्ये तर बॅटरीतील अनुक्रमांक बदलून यंत्राला दुरुस्ती-केंद्राच्या अवस्थेत सुरू करण्याची युक्ती निघाली. तिला पँडोरा बॅटरी असे नाव पडले, आणि त्या युक्तीतली कल्पकता नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या वाटेने स्वतः लिहिलेला गेम चालतो, त्याच वाटेने विक्रीच्या गेमच्या यूएमडी चकतीवरून उतरवलेली प्रतही चालते. आपल्याकडे शहरांतील मोबाइल-दुरुस्तीच्या गाळ्यांत पीएसपी ‘मॉड करून’ मेमरी स्टिकमध्ये गेम ‘टाकून’ मिळत, ते याच काळात.

निन्टेन्डो डीएसच्या बाबतीत हेच काम आर-४ नावाच्या कार्डाने केले. आकार डीएसच्या कार्ट्रिजचा आणि आत मायक्रो-एसडी कार्ड बसवायची खाच. विकणारे म्हणत की हे होमब्रूसाठी आहे. विकत घेणारे बहुतेक करून त्यात डझनावारी गेम भरत. जुलै २००८ मध्ये निन्टेन्डो आणि पन्नासहून अधिक गेम-कंपन्यांनी टोकियो जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने, कॉपीराइट कायद्याखाली नव्हे तर अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायद्याखाली, या कार्डांच्या विक्रीला मनाई केली. पुढच्या वर्षी लंडनच्या उच्च न्यायालयासमोर प्लेएबल्स या विक्रेत्याविरुद्धचा दावा आला. तेथे होमब्रूचा बचाव थेट मांडला गेला आणि थेट फेटाळला गेला : उपकरणाचा एखादा वैध वापर शक्य असला तरी होमब्रू चालवण्यासाठीही आधी कुलूप मोडावेच लागते, म्हणून तेवढ्याने सुटका होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये पीसी बॉक्स प्रकरणात किंचित वेगळा सूर लावला. कुलूप हे हेतूच्या प्रमाणात असले पाहिजे आणि ते मोडणारे उपकरण प्रत्यक्षात कशासाठी वापरले जाते हेही पाहिले पाहिजे, असे त्याने सांगितले. होमब्रूवाल्यांना त्यात आशा दिसली. पण मूळ दावा जेथून आला होता त्या मिलानच्या न्यायालयाने हीच कसोटी लावून २०१५ मध्ये निकाल निन्टेन्डोच्या बाजूने दिला.

तोवर गेमची विक्रीच दुकानातून सर्व्हरवर गेली होती. डीएसनंतर आलेल्या निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या कन्सोलची डिजिटल रचना पाहिली तर पुढे काय घडले ते समजते. प्रत्येक गेमची फाइल वितरण-सर्व्हरवर कूटबद्ध करून ठेवलेली असे. गेम विकत घेणाऱ्याला कंपनीकडून एक ‘तिकीट’ मिळे आणि फाइल उघडण्याची किल्ली त्या तिकिटात असे. फाइल देताना मात्र सर्व्हर कोणालाही काही विचारत नसे. कुलूपबंद पेटी रस्त्यावर ठेवली तरी किल्ली आपल्या खिशात आहे, असा हा भरवसा होता. ज्यांनी गेम रीतसर विकत घेतले होते अशा अनेकांच्या यंत्रांतून किल्ल्या गोळा होऊन त्यांची यादी फिरू लागली, तेव्हा तो भरवसा कोसळला. २०१६ मध्ये आलेले फ्रीशॉप हे ॲप याच रचनेवर उभे होते. त्याचे रूप दुकानासारखे, फाइल निन्टेन्डोच्या सर्व्हरवरची, आणि किल्ल्यांची यादी कोठून आणायची ते वापरणाऱ्याने स्वतः भरायचे. २०१७ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या आधारे प्रोग्रामांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाला नोटीस देऊन फ्रीशॉपचा कोड हटवायला लावला. तांत्रिक इलाज झाला तो २०१८ मध्ये, जेव्हा सर्व्हर फाइल देण्यापूर्वी तिकीट तपासू लागला. इतकी साधी तपासणी थ्रीडीएस आल्यापासून सात वर्षे का नव्हती, हा प्रश्न कोणालाही पडावा.

सोनीच्या व्हिटावर हीच कथा थोड्या फरकाने घडली. जुलै २०१६ मध्ये हेन्काकू या हॅकने ३.६० फर्मवेअरचे कुलूप उघडले. पुढे पीकेजीआय आणि त्यावरून तयार झालेले पीकेजीजे ही ॲप आली. सोनीच्या सर्व्हरवरील फाइल उतरवून थेट बसवणे एवढेच त्यांचे काम. दुव्यांची आणि परवान्यांची यादी ॲपमध्ये मुद्दामच नव्हती. ती नोपेस्टेशनसारख्या बाहेरच्या प्रकल्पाकडून येई. ॲप लिहिणाऱ्याने आपल्यापुरते हात झटकण्याची ही सोय खरी, पण इथे एक गफलत नेहमी होते. दुवा अधिकृत सर्व्हरचा आहे म्हणून उतरवणे वैध ठरत नाही. आपण विकत न घेतलेल्या गेमची प्रत तयार होते आणि ती उघडण्यासाठी दुसऱ्याचा परवाना वापरला जातो, या दोन्ही गोष्टी दुव्याच्या पत्त्याने बदलत नाहीत.

स्विचच्या काळात प्रकरण दिवाणी दाव्यांवरून तुरुंगापर्यंत गेले. एप्रिल २०१८ मध्ये या यंत्राच्या टेग्रा चिपमधील एक दोष जाहीर झाला. तो चिपमध्येच कोरलेला असल्यामुळे आधी विकलेल्या यंत्रांत कोणत्याही अपडेटने सुधारता येणारा नव्हता. कुलूप चुकवण्यासाठी यंत्रात बसवायच्या मोड-चिप आणि तशाच सॉफ्टवेअरचे परवाने पैसे घेऊन विकणाऱ्या टीम एक्झेक्युटर या गटातील एका कॅनेडियन सदस्याला २०२० मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला ४० महिन्यांची शिक्षा दिली. फौजदारी आणि दिवाणी मिळून १ कोटी ४५ लाख डॉलरांची देणी त्याच्यावर बसली. मार्च २०२४ मध्ये युझू या स्विच-एम्युलेटरच्या निर्मात्यांनी २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. घरी बसून गेम उतरवणाऱ्यापेक्षा साधने आणि फाइली पुरवणाऱ्यांवरच कंपन्यांचा भर राहिला आहे. सामान्य वापरणाऱ्याला अधिक करून सोसावे लागते ते ऑनलाइन सेवेवरची बंदी.

भारतातील तरतुदी या विषयावर क्वचितच कोणी उघडून पाहतो. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली जोडलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतूची ही अट अमेरिकी कायद्याहून सौम्य आहे, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप मोडल्यास हे कलम आड येत नाही. स्वतःचा होमब्रू चालवणाऱ्याला तिचा आधार घेता येईल. मात्र दुसऱ्याला अशा कामात मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कामाचा उद्देश यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असेही तेथेच लिहिले आहे. मॉड करून देणाऱ्या गाळ्यांत अशी वही मी तरी कधी पाहिलेली नाही. संगणक-प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३-ब लागते : किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. कलम ५२ मध्ये सुरक्षित प्रत ठेवण्याची मुभा आहे, पण ती प्रोग्राम कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला.

अलीकडे मात्र बचावाचा सूर बदलला आहे, कारण दुकानेच बंद होऊ लागली आहेत. मार्च २०२१ मध्ये सोनीने व्हिटाचे ऑनलाइन दुकान बंद करण्याचे जाहीर केले आणि टीकेनंतर पुढच्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. निन्टेन्डोने थ्रीडीएसच्या ई-शॉपमधील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबवली ती कायमची. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत असे दिसले की २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तरीही जतन केलेले गेम ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून खेळू द्यावेत ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. कंपनीच्या नावावर असलेल्या गेमवर अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षे हक्क राहतो, त्यामुळे २०११ मध्ये थ्रीडीएससाठी आलेला आणि आता केवळ जुन्या कार्ट्रिजच्या बाजारात सापडणारा गेम तेथे २१०६ च्या अखेरपर्यंत संरक्षितच राहणार आहे.