उत्क्रांतिमूलक संगणन : जीवविज्ञानातील उपयोजन

निवड, उत्परिवर्तन आणि पुनःसंयोग या जैव उत्क्रांतीतील क्रियांचे अनुकरण करून उत्तरे शोधणाऱ्या संगणकीय पद्धतींचा जीवविज्ञानातील प्रश्नांसाठी केलेला वापर. संभाव्य उत्तरांचा एक समूह घ्यायचा, प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, सरस उत्तरांच्या जोड्या लावून नवी पिढी तयार करायची, तीत थोडे यादृच्छिक बदल करायचे आणि हा क्रम पुष्कळ पिढ्या चालवायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. जनुकीय अल्गोरिदम, उत्क्रांतिनीती, उत्क्रांतिमूलक प्रोग्रॅमिंग व जनुकीय प्रोग्रॅमिंग हे तिचे मुख्य प्रकार होत.

अशा पद्धतींची गरज मुख्यतः शोधक्षेत्राच्या आकारामुळे भासते. दहा जातींचे मूळरहित (समान पूर्वज कोठे ते न दाखवणारे) वंशवृक्ष २०,२७,०२५ प्रकारे मांडता येतात. जाती वीस झाल्या की ही संख्या २१ अंकी होते. अनेक अनुक्रमांची (डीएनए वा प्रथिनातील घटकांच्या क्रमांची) एकत्रित जुळणी आणि जालकावरील (चौकटींच्या जाळ्यावर मांडलेल्या) प्रथिनाची घडण हे दोन्ही प्रश्न, त्यांच्या रूढ गणिती मांडणीत, एनपी-कठीण (म्हणजे अचूक उत्तर वेगाने काढणारी रीत ज्यांना ज्ञात नाही असे) असल्याचे अनुक्रमे १९९४ व १९९८ मध्ये दाखवण्यात आले. तेव्हा सर्वोत्तम उत्तराची हमी सोडायची आणि पुरेसे चांगले उत्तर वाजवी वेळात मिळवायचे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

उगम : या पद्धतींचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. अभियांत्रिकी परंपरेतील लेखक बहुधा मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथापासून सुरुवात करतात. जर्मन अभ्यासक १९६० च्या दशकाच्या मध्यास बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग व हान्स-पॉल श्वेफेल यांनी विकसित केलेल्या उत्क्रांतिनीतीकडे निर्देश करतात. अमेरिकेत लॉरेन्स फोगेल यांचे उत्क्रांतिमूलक प्रोग्रॅमिंगवरील कामही साधारण त्याच दशकातले. ॲलन ट्युरिंग यांच्या १९४८ व १९५० च्या लेखनात उत्क्रांतीसारख्या शोधाची कल्पना आढळते. परंतु तिला प्रत्यक्ष प्रयोगाची जोड नव्हती.

जीवविज्ञानाच्या बाजूने पाहिले असता आणखी दोन नावे पुढे येतात. नील्स आल बारिचेल्ली यांनी १९५३ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतील संगणकावर अंकांचे ‘जीव’ सोडून त्यांचे वर्तन अभ्यासले. त्याचा वृत्तांत १९५४ मध्ये इटालियन भाषेत प्रसिद्ध झाला. प्रत्येक अंक एका खणात बसे आणि ठरलेल्या नियमांनुसार पुढच्या पिढीत स्वतःची नक्कल करी. शेजारच्या अंकांच्या साहाय्याशिवाय त्याला पसरता येत नसे. सहजीवनातून उत्क्रांती घडते हा सिद्धांत बारिचेल्ली यांना तपासायचा होता. बाहेरून दिलेल्या प्रश्नाचे उत्तर काढणे हा त्यांचा आरंभीचा हेतू नव्हता.

ऑस्ट्रेलियातील आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलेक्स फ्रेझर यांनी १९५७ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत जनुकसंच द्विमान अंकांच्या ओळींनी दर्शवला, सहलग्न (एकाच गुणसूत्रावरील) जनुकांमधील पुनःसंयोगाची संभाव्यता अंकात मांडली आणि निवड मात्र जनुकांवर थेट न लावता त्यांच्यापासून मोजून काढलेल्या लक्षणावर लावली. यासाठी त्यांनी सिडनी विद्यापीठाचा ‘सिलियाक’ संगणक वापरला. पुढे जनुकीय अल्गोरिदम म्हणून जे ओळखले गेले त्याचे जवळजवळ सर्व अवयव येथे हजर आहेत. १९९८ मध्ये डेव्हिड फोगेल यांनी जुने मूळ लेख एकत्र छापल्यानंतर हे काम संगणकतज्ज्ञांच्या नजरेस अधिक ठळकपणे आले. हॉलंड यांचे श्रेय पद्धतीच्या सैद्धान्तिक विश्लेषणाचे आहे, आणि ते मोठेच आहे. पद्धतीच्या प्रथम मांडणीचा मान मात्र फ्रेझर यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. असे मानल्यास ही पद्धत अभियांत्रिकीतून जीवविज्ञानात आली हे नेहमीचे विधान अर्धेच खरे ठरते.

उपयोजने : प्रथिनघडणीच्या प्रश्नात रॉन उंगर व जॉन मोल्ट यांचा १९९३ चा प्रयोग मूलभूत मानतात. त्यांनी चौकटींच्या द्विमितीय जालकावर जलद्वेषी व जलस्नेही अशा दोनच प्रकारच्या घटकांची साखळी घेतली आणि दोन घड्यांचे तुकडे जोडून तिसरी घडी तयार केली. तितकीच चांगली घडी शोधणे मोंटे कार्लो पद्धतीला (यादृच्छिक बदल करून पाहत शोधणाऱ्या पद्धतीला) अधिक महाग पडले. खऱ्या प्रथिनांबाबत मात्र या दिशेचे महत्त्व ओसरले आहे, विशेषतः २०२० मध्ये अल्फाफोल्ड-२ चे निकाल आल्यापासून.

अनुक्रम जुळणीसाठी सेड्रिक नोत्रदाम व डेस्मंड हिगिन्स यांनी १९९६ मध्ये ‘सागा’ ही प्रणाली मांडली. तीत बदल घडवणाऱ्या २२ क्रिया होत्या आणि कोणती क्रिया किती वेळा वापरायची हे प्रणाली चालता चालता स्वतःच ठरवी. ती संथ होती. तिच्या आधाराने १९९८ मध्ये तपासलेला गुणांकनाचा निकष मात्र २००० मधील ‘टी-कॉफी’ या वेगवान प्रणालीच्या पायाशी राहिला.

औषधरेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल हे शोधण्याच्या कामात, म्हणजे डॉकिंगमध्ये, या पद्धती सर्वाधिक रुजल्या. १९९७ चे ‘गोल्ड’ आणि १९९८ चे ‘ऑटोडॉक ३’ ही ठळक उदाहरणे. ऑटोडॉकमध्ये एका उमेदवार स्थितीचे ‘गुणसूत्र’ असे असते : रेणूच्या जागेसाठी तीन आकडे, दिशेसाठी चार आणि फिरू शकणाऱ्या प्रत्येक बंधासाठी एक. मूळ चाचण्यांत समूह ५० उमेदवारांचा, संकराचा दर ०.८०, उत्परिवर्तनाचा ०.०२, तर स्थानिक शोधाचा ०.०६ होता. हा शेवटचा आकडा कळीचा आहे. निवडलेला उमेदवार आसपास चाचपडून कमी ऊर्जेची स्थिती गाठतो आणि गाठलेली स्थिती त्याच्या ‘जनुकांत’ लिहिली जाते. म्हणजे कमावलेले लक्षण पुढच्या पिढीला मिळते. कमावलेली लक्षणे वारशाने मिळतात या लामार्क यांच्या मतावरून या पद्धतीला लामार्कीय जनुकीय अल्गोरिदम म्हणतात. जीवविज्ञानाने आनुवंशिकतेचे स्पष्टीकरण म्हणून बाजूला ठेवलेली कल्पना त्याच विज्ञानाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडावी, ही गंमत खरीच. तथापि येथे स्थानिक शोध मुळातच जनुकांच्या आकड्यांवर चालतो. शरीरातील बदल उलट दिशेने जनुकांत उतरवण्याचा पेच उद्भवतच नाही, त्यामुळे हे साम्य ताणू नये. सुधारलेल्या स्थितीचे गुण धरायचे पण जनुके जशीच्या तशी ठेवायची, हा बाल्डविन परिणामावर आधारलेला पर्याय हिंटन व नोलन यांनी १९८७ मध्ये सोप्या प्रतिकृतीने दाखवला होता. २०१० मधील ‘ऑटोडॉक व्हिना’ने जनुकीय अल्गोरिदम सोडून पुनरावृत्त स्थानिक शोध स्वीकारला.

वंशवृक्षांसाठी पॉल लुईस यांनी १९९८ मध्ये महत्तम संभाव्यतेच्या निकषाला (हाती असलेली माहिती ज्या वृक्षामुळे मिळण्याची शक्यता सर्वाधिक तो वृक्ष निवडण्याच्या निकषाला) या पद्धतीची जोड दिली. ‘गार्ली’ ही प्रणाली त्याच वळणाची.

पुणे : समूहातील प्रत्येक उमेदवाराचे गुणांकन स्वतंत्रपणे करता येते, म्हणून हे काम समांतर संगणकावर सहज विभागता येते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक सादर केला. जैवमाहितीशास्त्र हे केंद्राचे पुढचे एक कार्यक्षेत्र ठरले. गणेशखिंड येथील विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र आहे, आणि पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक. शहरातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत डॉकिंग सर्रास आढळते. त्यामागे चालणाऱ्या अल्गोरिदमची चर्चा त्या मानाने कमी. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बी. डी. कुलकर्णी व व्ही. के. जयरामन यांच्या गटाने निसर्गप्रेरित शोधपद्धतींवर काम केले. २००४ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह मुंग्यांच्या वसाहतीवर बेतलेली वर्गीकरण-पद्धत प्रसिद्ध केली. मुंगी-पद्धतीत पिढ्या वा आनुवंशिकता नसते, मार्गावर साठत व विरत जाणारा गंध असतो. म्हणून काटेकोर वर्गीकरणात ती थवा-बुद्धिमत्तेत (साध्या घटकांच्या सामूहिक वर्तनावर बेतलेल्या पद्धतींत) मोडते, जरी अनेक पाठ्यपुस्तके तिला उत्क्रांतिमूलक संगणनाच्या प्रकरणातच जागा देतात.