हरभऱ्याएवढ्या हृदयाचा सीटी स्कॅन

बाळ पोटातच गेलं की डॉक्टर शवविच्छेदनाबद्दल विचारतात आणि पुष्कळ आईवडील नको म्हणतात. "गेलंय ते बाळ, आता आणखी कशाला चिरायचं?" त्यांचं दुःख खरं आहे. पण आत काय बिघडलं होतं ते कळायला चिरावंच लागतं, ही समजूत आता जुनी झाली.

लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकाराने 400 मृत गर्भ आणि मुलं आधी एमआरआयने तपासली गेली. जोडीला रक्ताच्या आणि वारेच्या, चीर न देता होणाऱ्या तपासण्या होत्या. मग नेहमीचं शवविच्छेदन झालं. 2013 साली आलेल्या निकालात सुमारे 89 टक्के वेळा दोन्हींचे निष्कर्ष जुळले.

अडचण होती ती फार लहान गर्भांची. तिसरा महिना सरताना हृदय जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं. नेहमीच्या एमआरआयला त्यातल्या झडपा दिसत नाहीत. साधा सीटी स्कॅनही उपयोगाचा नाही, कारण स्नायू, झडप, साकळलेलं रक्त या सगळ्यांत मुख्यतः पाणीच. क्ष-किरण सगळ्यांतून जवळजवळ सारखेच आरपार जातात आणि चित्र सपाट करडं येतं.

इथे आयोडीन कामाला येतं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून ती निळी-काळी झालेली पाहिली होती ना, तेच. आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात गर्भ काही दिवस ठेवतात. आयोडीन बाहेरून आत झिरपत जातं आणि ऊतींमध्ये कमी-जास्त साठतं. गर्भाच्या हृदयाच्या स्नायूत ग्लायकोजेन भरपूर असतं. हे स्टार्चचंच भावंड, आयोडीनला धरून ठेवणारं.

आता खरी गंमत. कमी ऊर्जेचे क्ष-किरण शोषले जाण्याचं प्रमाण, तेवढ्याच वजनामागे, ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनानुसार वाढतं. ऊतींमधल्या पाण्यातल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, आयोडीनचा 53. भागाकार साडेसहाच्या वर, त्याचा घन जवळजवळ 290! त्यावर आणखी एक भर. आयोडीनच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उखडायला 33.2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. क्ष-किरणाची ऊर्जा ही पायरी ओलांडते त्या क्षणी शोषण एकदम कित्येक पटींनी उसळतं. म्हणून ऊतीत आयोडीन थोडंसं कमी-जास्त असलं तरी पडदा, झडप, पोकळी वेगवेगळ्या उठून दिसतात.

मग मायक्रो-सीटी, म्हणजे अगदी बारीक तपशील टिपणारा सीटी स्कॅन. नमुना अगदी बारीक क्ष-किरण स्रोताजवळ ठेवून हळूहळू फिरवतात, डिटेक्टर लांब असतो, त्यामुळे सावली मोठी पडते. किरणांच्या मात्रेची चिंता नसल्याने तासन्‌तास प्रतिमा घेता येतात. मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका तपशील मिळतो. दोन जवनिकांमधल्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या) पडद्याला भोक आहे का, महाधमनी कुठल्या कप्प्यातून निघते, हे संगणकावर हव्या त्या कोनातून कापून पाहता येतं. नंतर सोडियम थायोसल्फेटने तपकिरी रंग बराचसा उतरवता येतो.

ही जादू नव्हे. थांबलेल्या हृदयात रक्त कसं वाहत होतं ते कळत नाही, आयोडीनने ऊती थोड्या आकसतात, आणि जनुकीय तपासणीसाठी नमुना आधीच काढून ठेवावा लागतो. "आता शवविच्छेदनाची गरजच संपली" असे मथळे फसवे आहेत.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. आपल्याकडे अशा वेळी दोष आईच्या माथी मारला जातो: ग्रहणात विळी हातात घेतली, पपई खाल्ली. गर्भधारणेपासून सुमारे आठव्या आठवड्यापर्यंत हृदयाचे कप्पे, पडदे, मोठ्या रक्तवाहिन्या यांची मांडणी झालेली असते. पाचव्या महिन्यातलं ग्रहण महाधमनी चुकीच्या कप्प्याला जोडू शकत नाही. स्कॅनमध्ये दोष नेमका कोणता ते दिसलं, तर पुढच्या खेपेला तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती याचा अंदाज जनुकतज्ज्ञ देऊ शकतात, आणि 18 ते 22 आठवड्यांत फीटल इको (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी) करताना डॉक्टरांना काय शोधायचं ते आधीच ठाऊक असतं.