उजवीकडे ओढायच्या आधी: फायनान्शिअल मॉडेलिंगची पार्श्वभूमी

सध्या पुण्यात फायनान्शिअल मॉडेलिंग, म्हणजे एक्सेलच्या शीटमध्ये धंद्याचे पुढच्या वर्षांचे आकडे मांडणं, शिकायचंय म्हटलं की पोरं थेट कीबोर्डच्या शॉर्टकट्सवर येतात. माऊसला हात लावायचा नाही, निळा आकडा म्हणजे इनपुट, काळा म्हणजे फॉर्म्युला, आणि पहिल्याच रविवारी एका वर्षाचे फॉर्म्युले उजवीकडे ओढून पाच वर्षांचा ताळेबंद तयार करून मोकळे. चांगलंय, पण ही शीट आली कुठून आणि तिच्या विचित्र सवयी मुळात कोणाच्या, हे कोणी सांगत नाही. मलाही आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची ऑफिसातली उमेदवारी) संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी मी खाल्लेली माती पुढे येईलच.

आधी आपल्याकडचं. मॉडेल हा शब्द नव्हता तेव्हाही मॉडेल होतंच, फक्त त्याला प्रोजेक्शन्स म्हणायचे, नाहीतर नुसतं सीएमए, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचे अंदाजाचे तक्ते. १९७४ मध्ये रिझर्व्ह बँकेने टंडन समिती नेमली, १९७५ मध्ये अहवाल आला, आणि खेळत्या भांडवलाला बँकेने किती पैसे द्यायचे याचं गणित ठरलं. त्यातली दुसरी पद्धत जास्त गाजली: चालू मालमत्तेतला (माल, येणी, रोकड, म्हणजे वर्षभरात पैशात बदलणारं सगळं) किमान २५ टक्के पैसा धंद्याने स्वतःचा किंवा लांब मुदतीचा आणायचा. म्हणजे मालमत्ता १०० असेल तर चालू देणी (वर्षभरात फेडायची) फार तर ७५, शंभर भागिले पंच्याहत्तर, १.३३. झाला करंट रेशो. पुढे १९८८ मध्ये क्रेडिट ऑथरायझेशन स्कीम (मोठ्या कर्जाला बँकेने आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यायची) जाऊन क्रेडिट मॉनिटरिंग अरेंजमेंट आली, तेच आपलं सीएमए, सहा फॉर्म, मागची वर्षं आणि पुढची वर्षं शेजारी शेजारी. आर्टिकलशिपला मी भोसरी-चिंचवडच्या ज्या फायली पाहिल्या त्यात फौंड्री असो की पॅकेजिंग, पुढच्या वर्षीचा रेशो बरोब्बर १.३३ च्या जरासा वरच असायचा. धंदा वेगळा, मालक वेगळा, रेशो तोच, कारण आकडे शेवटाकडून मागे बसवत आणलेले असायचे.

मी ज्यांच्याकडे आर्टिकलशिप केली ते आमचे सर हे सगळं आधी हाताने करायचे, रकाने आखलेल्या लांबलचक कागदावर, पेन्सिलीने. (स्प्रेडशीट हा शब्दही तिथलाच, वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला तक्ता.) उधारीचे दिवस ९० चे ७५ केले की येणी बदलणार, त्यामुळे कॅश क्रेडिट (बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी उचललेलं कर्ज), त्यामुळे व्याज, मग नफा, टॅक्स, रिझर्व्ह (धंद्यात शिल्लक ठेवलेला नफा), आणि फिरून कॅश क्रेडिट, कारण नफा बदलला की पैसे कमी-जास्त लागणार. आज एक्सेल ज्याला सर्क्युलर रेफरन्स म्हणून बोंब मारतं तो हाच गोल, सर तो खोडरबरने तीन-चारदा फिरवायचे आणि फरक शंभराच्या आत आला की सोडून द्यायचे. एका बदलाला एक अख्खी दुपार जायची, त्यामुळे बदल करायच्या आधी माणूस विचार करायचा की बाबा हे गिऱ्हाईक खरंच ७५ दिवसांत पैसे देणारे का.

हीच कटकट तिकडे हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिनने १९७८ मध्ये पाहिली. प्रोफेसर फळ्यावर तक्ता मांडायचे, एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुसून परत लिहायचं. ब्रिकलिनच्या डोक्यात आलं की फळ्यानेच स्वतःचं स्वतः पुसून लिहिलं तर? बॉब फ्रँकस्टनने प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर व्हिसिकॅल्क ही स्प्रेडशीट आली, ६३ कॉलम, २५४ ओळी, बस. साधारण शंभर डॉलरच्या या प्रोग्रामसाठी लोक हजारो डॉलरचं मशीन घ्यायला लागले. पेटंट मात्र घेतलं नव्हतं.

मग जानेवारी १९८३ मध्ये मिच केपरच्या कंपनीचं लोटस १-२-३ हे स्प्रेडशीटचंच सॉफ्टवेअर आलं, आयबीएम पीसीवर धावणारं, आणि दोन-तीन वर्षांत व्हिसिकॅल्क संपलंच. अमेरिकेत तो कर्ज काढून कंपन्या विकत घ्यायचा काळ, ऑफर एक डॉलरने वाढवली तर हप्ते झेपतील का हे लोकांना रातोरात हवं असायचं, मॉडेलिंग हा वेगळा धंदा झाला तो तिथे. पुण्यात लोटस पोचलं ते नव्वदीतल्या कॉम्प्युटर क्लासमधून: डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस, हा मंत्र तेव्हाच्या कोणालाही विचारा. आमचे सर तेव्हाच शिकले आणि म्हणून ते आजही फॉर्म्युला बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू करत नाहीत, प्लसने करतात. मला वाटायचं सवय आहे झालं. तर लोटसमध्ये सेलची सुरुवात अक्षराने केली की तो मजकूर समजायचा, म्हणून ए१ च्या आधी प्लस लागायचा. एक्सेलने तेही चालवून घेतलं, कारण लोटसची माणसं ओढायची होती.

एक्सेल १९८५ मध्ये आलं ते मॅकवर, विंडोजवर १९८७ मध्ये. लोटसची गिऱ्हाइकं घेताना लोटसची चूकही घेतली. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे नव्हतं. तारखा जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने तीच चूक ठेवली. कुठल्याही सेलमध्ये ६० टाका, फॉरमॅट तारखेचा करा, २९ फेब्रुवारी १९०० येईल, असा दिवस उगवलाच नव्हता.

आता माझी माती. एनपीव्ही, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची व्याज वजा जाता आजची किंमत काढणारं फंक्शन, धरून चालतं की रेंजमधला पहिला आकडा एक वर्षानंतरचा आहे, आजचा नाही. लोटसमध्येही तसंच होतं. समजा आज १० लाख घातले, पुढची तीन वर्षं ४, ४.५ आणि ५ लाख येणार, दर १२ टक्के. आजचे १० लाख रेंजच्या बाहेर ठेवून वजा केले तर उत्तर साधारण ७१,८०० येतं. मी चारही सेल एकत्र सिलेक्ट केले, आले ६४,१००. दोन्ही पॉझिटिव्ह, दोन्ही दिसायला शहाणे, त्यामुळे कोणालाच शंका नाही. रिपोर्ट गेला पण. दोन वर्षांनी कॅल्क्युलेटरवर सहज करून पाहताना घाम फुटला.

मोठ्या लोकांचंही असंच होतं. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या गाजलेल्या पेपरात सरासरीची रेंज ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीत संपत होती, पाच देश बाहेर, आणि २०१३ मध्ये ते पकडलं थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने. जेपी मॉर्गनच्या २०१२ च्या लंडन व्हेल प्रकरणातही, म्हणजे तिथल्या ट्रेडिंगमध्ये बँकेचा तोटा सहा अब्ज डॉलरच्या वर गेला त्यातही, रिस्क मोजणारं मॉडेल एक्सेलमध्ये कॉपी-पेस्टवर चाललं होतं, आणि एका ठिकाणी सरासरीने भागायचं तिथे बेरजेने भागलं होतं.

आज पुण्यात याचे दोन वेगळे प्रवाह दिसतात. खराडी-हिंजवडीला परदेशी कंपन्यांची व्हॅल्युएशन्स करणारी पोरं, आणि पेठांमध्ये बँकेच्या फायली करणारी ऑफिसं. पहिल्यांना टंडन माहीत नाही, दुसऱ्यांना डिस्काउंट रेट (एनपीव्हीतले ते १२ टक्के) कुठून येतो याचं देणंघेणं नाही. मला विचाराल तर शिकायला सुरुवात सीएमएपासूनच करावी, कारण त्यात मालक समोर बसलेला असतो आणि उधारी ७५ दिवसांवर का आणली हे त्याला तोंडावर विचारता येतं.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाने अशीच शीट तपासायला पाठवली. रंग व्यवस्थित, निळं-काळं सगळं जागच्या जागी, पाचही वर्षं ताळेबंद जुळतोय. करंट रेशोच्या सेलवर जाऊन एफ-टू दाबलं. फॉर्म्युला नव्हताच, १.३४ टाईप केलेलं होतं, काळ्या रंगात.