स्थानिक डिस्टोनिया : मेंदूच्या रचनेतील बदल

शरीराच्या एखाद्याच भागातले स्नायू मनाविरुद्ध आखडून तो भाग पिळवटणारा मेंदूचा विकार. मान एका बाजूला ओढली जाणे, पापण्या घट्ट मिटणे, लिहिताना बोटे पेनावर आवळणे, बोलताना आवाज अडकणे ही त्याची नेहमीची रूपे. ‘डिस्टोनिया’ हा शब्द हेर्मान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये रूढ केला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘वात आहे’ म्हणून हे दुखणे अंगावर काढणारे असतात. कोणी ‘वारं गेलं’ असेही समजतो. पण वारं जाण्यात हाताची ताकद जाते. इथे ताकद शाबूत असते. बोट वाकवणारा आणि ते सरळ करणारा, असे दोन्ही स्नायू एकदमच ओढू लागतात.

एमआरआयचा अहवाल बहुधा ‘नॉर्मल’ येतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ‘मेंदूत काही नाही, म्हणजे मनाचे खेळ’ असा अर्थ घरचे लावतात. तो चुकीचा आहे. या विकारातले फरक इतके बारीक असतात की एका माणसाच्या चित्रात ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी अनेक रुग्णांची आणि निरोगी माणसांची चित्रे संगणकावर एकाच साच्यात बसवतात, सुमारे १ मिलिमीटरच्या घनांमध्ये करड्या द्रव्याचे (मेंदूतील पेशींच्या दाटीचा भाग) प्रमाण मोजतात आणि दोन्ही गटांच्या सरासरीची तुलना करतात.

फरक सापडतात ते मुख्यतः पुटामेन हा खोलवरचा गाभा, थॅलॅमस (संदेश पुढे पोहोचवणारे मेंदूतले खोलवरचे केंद्र), लहान मेंदू आणि हालचाल व स्पर्श सांभाळणारे बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर) या ठिकाणी. मात्र निष्कर्षांत एकवाक्यता नाही. हाताच्या डिस्टोनियात २००४ च्या एका अभ्यासात बाह्यकातील हाताच्या भागात करडे द्रव्य वाढलेले दिसले, तर २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात लेखनाच्या पेटक्यात (लिहिताना हात आखडण्याचा प्रकार) ते बाह्यकात, थॅलॅमसमध्ये आणि लहान मेंदूत घटलेले आढळले. पापण्यांच्या विकारात दोन्ही पुटामेन वाढल्याची नोंद २००६ ची आहे. अशा अभ्यासांत रुग्ण थोडे असतात, शिवाय मान थरथरणाऱ्या रुग्णाचे डोके यंत्रात हलले तर चित्र पुसट होऊन करडे द्रव्य खोटेच कमी दिसते. बोटॉक्स (स्नायू सैल करणारे बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन) चालू होते का, किती वर्षांचा आजार होता, यानेही आकडे हलतात.

हा बदल आजाराचे कारण की परिणाम, हा खरा प्रश्न. १९९६ मध्ये माकडांकडून मुठीची एकच हालचाल पुन्हापुन्हा करून घेतल्यावर त्यांच्या मेंदूतील बोटांच्या स्पर्शक्षेत्रांच्या सीमा पुसट झाल्या. १९९८ मध्ये डिस्टोनिया असलेल्या वादकांच्या मेंदूत बोटांच्या जागा एकमेकींजवळ सरकलेल्या दिसल्या. पुढे लेखनाच्या पेटक्याच्या रुग्णांचा हात ४ आठवडे बांधून ठेवला, तेव्हा हाताच्या बाह्यकातले करडे द्रव्य घटले आणि ८ आठवड्यांच्या सरावाने परत वाढले. म्हणजे काही बदल वापरातून येतात. पण रुग्णांच्या लक्षणमुक्त नातेवाइकांतही पुटामेनमध्ये फरक सापडले आहेत, त्यामुळे सगळा दोष सरावावर टाकता येत नाही.

निदान अजूनही डोळ्यांनीच होते. लिहिताना, वाजवताना, चालताना रुग्णाचे निरीक्षण करावे लागते. हनुवटीला बोट लावताच मान सरळ झाली तर तो डिस्टोनियाचा भक्कम पुरावा. नुसत्या स्पर्शाने मान सरळ होते म्हणूनच असा रुग्ण ‘नाटक करतो’ असे ऐकून घेत असतो. लेखनाचा नमुना घेताना रुग्ण रोज ज्या लिपीत लिहितो तीच द्यावी. सीमाभागात घरी देवनागरी आणि कचेरीत कन्नड लिहिणारे पुष्कळ; दोन्ही लिपींतला एकेक परिच्छेद लिहून घेतलेला बरा, कारण कन्नड अक्षरांची वळणे आणि देवनागरीची शिरोरेषा हाताला वेगळे काम देतात. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायकांचा हात दुखतो किंवा मुंग्या येतात तेव्हा आधी मनगटातली दबलेली नस पाहावी. डिस्टोनियात, मानेचा सोडला तर, वेदना सहसा मुख्य तक्रार नसते.

एमआरआय करायचा तो मुख्यतः दुसरे कारण वगळण्यासाठी, आणि दर वर्षी तो पुन्हा काढण्यात काही हशील नाही. तरुण रुग्णात विल्सन आजारासाठी (शरीरात तांबे साठण्याचा आजार) रक्तातील सेरुलोप्लाझमिन हे तांबे वाहणारे प्रथिन आणि डोळ्यातील तांब्याचे कडे तपासणे त्याहून महत्त्वाचे, कारण तो आजार औषधाने आटोक्यात येतो. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल घेतल्यावर काही तासांत वा दिवसांत मान वळली, तर औषधाकडे बोट दाखवावे.

पापण्यांच्या व मानेच्या विकारात बोट्युलिनम विषाची इंजेक्शने हा पहिला उपाय. परिणाम ३ ते ७ दिवसांत सुरू होतो, साधारण ३ महिने टिकतो, आणि पुढचा डोस १२ आठवड्यांच्या आत सहसा देत नाहीत. विष शेजारच्या स्नायूत पसरले तर पापणी लोंबते. मानेच्या इंजेक्शननंतर गिळायला त्रास होऊ शकतो. हाताला डोस जास्त झाला तर पेटका जातो पण पेनही धरवत नाही. एका कंपनीची युनिट्स दुसरीच्या युनिट्सइतकी नसतात. बेळगावात सुरू केलेले इंजेक्शन पुढे मिरजेला किंवा बेंगळुरूला घ्यायचे झाल्यास औषधाचे नाव, युनिट्स आणि टोचलेले स्नायू लिहिलेला कागद सोबत न्यावा.