मागे राहिलेलं 'नाही'

मे महिना, नागपूरच्या महाल भागातली आमच्या काकाजींची बैठक. कूलर घरघरतोय, टीव्हीचा आवाज ४० वर, तरी काकाजी विचारतात, "सात म्हणाला का आठ?" घरच्यांचा उपाय ठरलेला: आवाज वाढवा. शेजारच्या काकूंचा त्याहून जुना: कानात कोमट तेल. पण उतारवयात झिजतात त्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि तेल तर पडद्याच्या अलीकडेच अडतं. त्यातही आधी जातात उंच पट्टीच्या पेशी, 'स' आणि 'श' जिथे पकडले जातात त्याच. आवाज वाढवला की स्वर कानठळ्या बसवतात, 'सात'मधला 'स' मात्र हरवलेलाच.

म्हणून नातवाने बोलणं लिहून दाखवणारं ॲप मोबाइलवर टाकून तो टीव्हीसमोर टेकवला. पहिल्याच बातमीला अक्षरं उमटली: 'शहरात उद्या पाणीपुरवठा बंद राहणार'. काकाजींनी सुनेला बादल्या भरायला लावलं. मग खालच्या ओळीत आलं, 'नाही'.

यात ॲपचा दोष थोडा, मराठीचा जास्त. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. यंत्राने घाई केली तर अर्थ उलटतो, थांबलं तर मथळा, म्हणजे बोलणं लिहून दाखवणारी पडद्यावरची ओळ, उशिरा येतो. एआयने सगळं चुटकीसरशी सुटेल म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं: जे वाक्य अजून बोललंच गेलं नाही, ते संगणक कितीही वेगवान असला तरी कसं लिहिणार?

मग उपाय? मला यातला सगळ्यात आवडता भाग इथे आहे. डिजिटल प्रक्षेपणात चित्र, आवाज आणि मथळे १८८ बाइटच्या पुडक्यांतून एकाच प्रवाहात येतात. कुठलं पुडकं कशाचं, ते त्यावरच्या १३ बिटांच्या क्रमांकावरून सेट-टॉप बॉक्स ओळखतो. शिवाय 'हे कधी दाखवायचं' असा वेळेचा शिक्का सोबत असतो. तो मोजणारं घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके देतं. आकडा असा का? सेकंदाला २४ चित्रं असोत, २५ असोत की ३०, त्याला निःशेष भाग जातो: ३७५०, ३६००, ३०००. बॉक्स चित्र हातात धरून बसतो आणि त्याचा ठोका आला की सोडतो.

आधी चित्रित झालेल्या मालिकेत मथळ्यावर संवादाचाच ठोका मारता येतो. थेट बातम्यांत मथळा तयार होईपर्यंत चित्र निघून गेलेलं असतं. शिक्का मारणार कशावर? तेव्हा चित्र आणि आवाजच स्टुडिओत काही सेकंद रोखून धरावेत. तेवढ्यात 'नाही' येतं, माणूस चूकही दुरुस्त करतो, आणि तिन्ही एका ठोक्यावर सुटतात.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने श्रवणबाधित प्रेक्षकांसाठी २०१९ मध्ये मानकं जाहीर केली आहेत. मराठी थेट बातम्यांच्या मथळ्यांसाठी मला त्यात सर्वांत आधी हा विलंब हवा.

नातवाचा आक्षेप आहेच. "जामठ्याच्या स्टेडियमवर सिक्स बसला तर रेडिओ ऐकणारे शेजारी आधी ओरडतील ना!"

ओरडू देत. काकाजींना ते कुठे ऐकू जातंय?