जिवंत स्फॅग्नम आणि वाळके स्फॅग्नम : कीटकभक्षी रोपांसाठी कोणते, केव्हा?

ऑर्किडसाठी नर्सरीत मिळणारे वाळके स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारी, पाणी धरून ठेवणारी बिनफुलांची छोटी वनस्पती) बहुतेकांच्या परिचयाचे असते. भिजवावे, पिळावे, कुंडीत भरावे, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर उगवणारे शेवाळ मात्र स्फॅग्नम नव्हे, आणि ते खरवडून आणून त्यावर बी पेरण्याचा उद्योग कृपा करून कोणी करू नये.

खरा घोळ जिवंत स्फॅग्नमबाबत होतो. पाणी धरून ठेवणाऱ्या पोकळ पेशी दोन्हींत असतात, दोन्ही आम्लधर्मी आणि निकस असतात. त्यामुळे 'जिवंत म्हणजे अधिक चांगले' असे गृहीत धरून लोक ड्रॉसेराचे (चिकट पानांवर कीटक पकडणाऱ्या रोपाचे) अतिशय बारीक बी थेट जिवंत मॉसवर टाकतात. पण जिवंत मॉस वाढते. त्याच्या प्रत्येक काडीच्या टोकाला दाट तुरा असतो, वाढ तिथूनच वरच्या दिशेने होते आणि खालचा भाग मरत जातो. ड्रॉसेराचे नुकते उगवलेले रोप टाचणीच्या माथ्याएवढे असते. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सावलीतल्या गॅलरीत, जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत, हे तुरे त्याला सहज झाकून टाकतात. रोप उजेडाअभावी मरते आणि दोष मात्र बियांना, नाहीतर ती विकणाऱ्याला दिला जातो.

माझे मत ठाम आहे : बी बारीक कातरलेल्या वाळक्या मॉसवर पेरावे, आणि उगवायला उजेड लागत असल्याने ते वरून झाकू नये. रोप सेंटिमीटरभर रुंद झाले की जिवंत मॉसमध्ये हलवावे आणि तुरे वर चढू लागताच कात्रीने छाटावेत. छाटलेले तुरे ओल्या मॉसवर ठेवल्यास त्यांतूनच नवे मॉस तयार होते.

जिवंत मॉसचा मोठा उपयोग पाण्याची पारख करण्यासाठी होतो. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने रोपाच्या आधी तेच तपकिरी पडू लागते. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. घरच्या आरओचे पाणी टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून, आकडा ५० च्या आत असेल तरच द्यावे, कारण अनेक यंत्रे शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळतात.

वाळक्या मॉसवर हिरवा थर आला की 'मॉस जिवंत झाले' असे सांगणाऱ्यांनी त्यावर एकदा बोट फिरवून पाहावे : बुळबुळीत लागले तर ते शैवाल (अल्गी) आहे. क्वचित एखाद्या तुकड्याला खरोखर फुटवा येतो, पण तो टोकाच्या तुऱ्यावरून लगेच ओळखता येतो.